ठिसूळ हाडं आणि मणक्याचं फ्यूजन: घरची माणसं विचारतात ते प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे या भागात घरी जाऊन मणक्याच्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटकडून व्यायाम करून घेते. ऑपरेशन मी करत नाही, करायचं की नाही हेही मी ठरवत नाही. पण सर्जनच्या केबिनमध्ये गडबडीत जे विचारायचं राहून जातं, ते घरी चहाचा कप हातात आला की मला विचारलं जातं. प्रश्न बहुतेक तेच ते असतात, म्हणून इथे लिहून ठेवले आहेत. माझं एक ठाम मत आहे आणि ते उत्तरांतून सारखं डोकावेल: घाईचं कारण नसेल, तर आधी हाड बघा, मग स्क्रू.

आईला मणके जोडायचं ऑपरेशन सांगितलंय. नेमकं काय करतात?

दोन मणक्यांमधली, कधी तीन-चार मणक्यांमधली हालचाल कायमची थांबवतात. यालाच फ्यूजन म्हणतात. प्रत्येक मणक्यात पाठीकडून डावा-उजवा असे दोन स्क्रू बसवतात, दोन्ही बाजूंचे स्क्रू रॉडने जोडतात. बऱ्याचदा मधली झिजलेली गादी काढून तिथे केज नावाचा छोटा ठोकळा ठेवतात. मात्र हे सगळं सामान फक्त धरून ठेवण्यासाठी असतं. खरी जोडणी हाडाची. मणक्यांच्या मध्ये हाडाचे बारीक तुकडे भरतात आणि पुढच्या सहा महिने ते वर्षभरात तिथे नवं हाड येऊन दोन मणके एकजीव होतात. तोवर भार स्क्रूंवर.

भरायचं हाड शक्यतो पेशंटचंच वापरतात: नस मोकळी करताना निघालेलं, नाहीतर कंबरेच्या हाडातून काढलेलं. ते कमी पडलं तर टिश्यू बँकेतून आणतात. परळच्या टाटा मेमोरियलची टिश्यू बँक १९८८ पासून हे काम करते आहे. 'दुसऱ्याचं हाड' म्हटल्यावर घरात कुजबुज सुरू होते. ते तपासून, निर्जंतुक करून दिलेलं असतं. त्याची धास्ती घेऊ नका.

नस दबली म्हणजे फ्यूजन आलंच का?

नाही. मणके जागच्या जागी आहेत आणि नुसती नसा जातात ती मणक्यातली नळी अरुंद झाली आहे, अशा वेळी बऱ्याच पेशंटना फक्त नस मोकळी करून भागतं. मणका पुढे सरकला असेल, वाकल्यावर तो आणखी हलत असेल, फ्रॅक्चरने पाठीला बाक येऊन नस दाबली जात असेल, तर जोडण्याचा विचार होतो. उतारवयातल्या बायकांमध्ये चौथा कंबरेचा मणका पाचव्यावर सरकलेला हमखास दिसतो. पुढे वाकून आणि मागे झुकून काढलेले एक्स-रे फाइलमध्ये आहेत का ते बघा. एमआरआय झोपवून काढतात, त्यात हा हलतेपणा नेहमी दिसतोच असं नाही. ठिसूळ हाडाच्या पेशंटला स्क्रूशिवाय भागत असेल तर त्यासारखं सुख नाही, म्हणून हा प्रश्न सर्जनला आवर्जून विचारा.

एका डॉक्टरांनी हाडं कमकुवत आहेत म्हणून नाही म्हटलं, दुसरे म्हणाले पुढच्या आठवड्यात करू. खरं कुणाचं?

दोघांचंही पूर्ण खरं नाही. हाडं ठिसूळ आहेत एवढ्यावरून ऑपरेशन बाद होत नाही. अशा पेशंटची फ्यूजन होतात आणि पेशंट चालायला लागतात. पण हाडाची कुठलीही तपासणी न करता 'पुढच्या आठवड्यात' म्हणणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारायला सांगते: 'डॉक्टर, आईची डेक्सा केली का?' डेक्सा म्हणजे हाडाची घनता मोजणारी तपासणी. पन्नाशी उलटलेल्या बाईला, त्यातही पूर्वी साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल किंवा उंची दीड-दोन इंच कमी झाली असेल, तर ही तपासणी आधीच व्हायला हवी होती.

ठिसूळ हाडात बिघडतं काय?

तीन गोष्टी. पहिली, स्क्रूची पकड. मणक्याच्या आतलं हाड जाळीदार असतं, ती जाळी विरळ झाली की स्क्रू उठता-बसता सूक्ष्म हलतो आणि आपल्याभोवती जागा करत जातो. एक्स-रेवर स्क्रूच्या कडेने काळी रेघ दिसते, ती हीच. दुसरी, केज खालच्या-वरच्या मणक्यात रुतून बसतो आणि मिळवलेली उंची परत जाते. तिसरी घरच्यांना कुणी सांगत नाही: जोडलेला भाग कडक झाल्यामुळे त्याच्या लगेच वरच्या मणक्यावर ताण येतो आणि तो मणका पिचू शकतो. ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही महिन्यांत पेशंट 'जुनं दुखणं गेलं, पण आता थोडं वर दुखतंय' म्हणाला, तर मी व्यायाम थांबवते आणि एक्स-रे काढायला पाठवते.

याशिवाय जोडणी सावकाश होते. ज्या झिजेमुळे हाड विरळ झालं, तीच नवं हाड बनण्याच्या आड येते.

डेक्साचा रिपोर्ट कसा वाचायचा?

टी-स्कोअर बघा, म्हणजे तरुण, निरोगी हाडाच्या तुलनेत आपलं हाड किती आहे ते. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवलेल्या मोजमापाप्रमाणे उणे १ पर्यंत ठीक, उणे १ ते उणे २.५ च्या मधे हाड विरळ व्हायला लागलेलं, आणि उणे २.५ किंवा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाडांचा आजार. शेजारी झेड-स्कोअर छापलेला असतो, तो आपल्याच वयाच्या लोकांशी तुलना करून काढतात. सत्तरीच्या बाईचा झेड-स्कोअर चांगला आला म्हणून पेढे वाटू नका.

इथे एक खाच आहे. ज्यांना फ्यूजन सांगितलंय त्यांची कंबर आधीच झिजलेली असते. मणक्यांना काटे आलेले असतात, सांधे जाड झालेले असतात, आणि यंत्र तेही हाड म्हणूनच मोजतं. त्यामुळे कंबरेचा स्कोअर खोटाच चांगला येतो. कंबर उणे ०.८ आणि खुबा उणे २.९ असा रिपोर्ट आला तर खुब्यावर विश्वास ठेवा. दोन्हीकडे शंका असेल तर पुढच्या हाताच्या हाडाचीही डेक्सा करता येते. ऑपरेशनच्या तयारीसाठी कंबरेचं सीटी स्कॅन झालंच असेल, तर त्याच स्कॅनवरून रेडिओलॉजिस्ट मणक्याच्या आतल्या हाडाची घनता हाउन्सफिल्ड एककात मोजून देऊ शकतो. पहिल्या कंबरेच्या मणक्यात ती साधारण ११० च्या खाली आली तर हाड ठिसूळ असण्याचा संशय बळावतो. वेगळा खर्च नाही, वेगळं रेडिएशन नाही, फक्त कुणीतरी 'मोजून द्या' म्हणायला हवं.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं. म्हणजे हाडं चांगली ना?

नाही. रक्तात कॅल्शियम कमी पडू लागलं की शरीर ते हाडातून ओढून घेतं. रिपोर्ट नॉर्मल, हाड रिकामं.

मग रक्ताच्या कुठल्या तपासण्या लागतात?

साधारणपणे ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनिन, थायरॉइड, पॅराथायरॉइड हार्मोन आणि मधुमेहासाठी तीन महिन्यांच्या सरासरीची एचबीएवनसी. ड जीवनसत्त्व २० नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर ती कमतरता. फ्यूजनआधी ते ३० च्या वर आणावं असं बरेच सर्जन सांगतात. एचबीएवनसी ८ च्या वर असेल तर बहुतेक जण आधी साखर आटोक्यात आणायला पाठवतात, कारण जखम चिघळते आणि हाडही नीट जुळत नाही. मणका आपोआप पिचला असेल तर मायलोमा नावाच्या रक्ताच्या कर्करोगाची शंका दूर करण्यासाठी प्रथिनांची एक तपासणी सांगतात. नाव ऐकून घाबरून ती टाळू नका.

ऑपरेशन किती पुढे ढकलता येतं?

दुखणं आहे, चालताना पाय भरून येतात, मधेमधे बसावं लागतं, पण पायांत ताकद आहे आणि लघवी-संडासवर ताबा आहे, असं असेल तर दोन-तीन महिने हाडाच्या औषधांना देता येतात. सर्जन आणि हाडांचे किंवा हार्मोनचे डॉक्टर मिळून ते ठरवतात.

पण पुढचं काही दिसलं तर एक दिवसही थांबू नका: पाऊल उचलता येईनासं होणं, चप्पल पायातून निसटून कळतही नाही असं होणं, बसायच्या जागी आणि जांघेत बधिरपणा, लघवी तुंबणं किंवा नकळत होणं. तेव्हा हाडाची घनता गौण ठरते. मणक्यात जंतुसंसर्ग, क्षयरोग किंवा गाठ असेल तर त्याचंही वेळापत्रक वेगळं.

हाडाची औषधं कुठली? मैत्रिणीला आठवड्याची गोळी चालू आहे, तीच चालेल का?

ढोबळमानाने औषधं दोन जातींची. एका जातीची झीज थांबवतात, दुसऱ्या जातीची नवं हाड घडवतात.

आठवड्याची ७० मिलीग्रॅमची अलेंड्रोनेटची गोळी आणि वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं ५ मिलीग्रॅम झोलेड्रोनिक ॲसिड या पहिल्या जातीच्या. गोळी सकाळी अनशापोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा तास चहा नाही, आडवं पडायचं नाही. नाहीतर अन्ननलिका जळते. नेमका हाच नियम लोक मोडतात: गोळी, लगेच चहा, मग पुन्हा पांघरुणात. झोलेड्रोनिकच्या आधी मूत्रपिंडं तपासतात आणि ड जीवनसत्त्व भरून काढतात. पहिल्या डोसनंतर एक-दोन दिवस ताप, अंगदुखी होते, ती अपेक्षित असते. डेनोसुमॅबही याच जातीचं, दर सहा महिन्यांनी कातडीखाली. ते परस्पर बंद करायचं नाही. तारीख चुकली तर थांबलेली झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके पिचल्याची उदाहरणं आहेत. कॅलेंडरवर लाल गोल करून ठेवा.

दुसऱ्या जातीतलं टेरिपॅराटाइड फ्यूजनच्या पेशंटना जास्त सांगतात. रोज २० मायक्रोग्रॅम, पेनसारख्या इंजेक्शनने पोटावर किंवा मांडीवर. साधारण ऑपरेशनच्या दोन-तीन महिने आधी सुरू करतात आणि नंतरही काही महिने चालू ठेवतात. एकूण मुदत बहुधा दोन वर्षांपर्यंत. ठिसूळ हाडाच्या पेशंटमध्ये याने जोडणी लवकर झाल्याचं जपानमधल्या अभ्यासात दिसलं आहे. कोर्स संपला की मागोमाग पहिल्या जातीचं औषध घ्यावं लागतं, नाहीतर कमावलेलं हाड पुन्हा झिजतं. पूर्वी हाडांवर रेडिएशन झालेलं असेल, हाडाचा कर्करोग असेल किंवा कॅल्शियम चढलेलं असेल तर हे देत नाहीत. रोमोसोझुमॅब हे महिन्याचं इंजेक्शनही आहे, पण गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झाला असेल तर ते नको.

म्हणजे मैत्रिणीची गोळी मैत्रिणीला. झीज थांबवणाऱ्या औषधांत जबड्याच्या हाडाचा एक दुर्मीळ त्रास होतो, त्यामुळे दात काढायचे असतील तर ते आधी उरका.

रोजचं इंजेक्शन घरी कोण देणार?

तुम्हीच. सुई मधुमेहाच्या पेनची असते तशीच बारीक. पेन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायचं, बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, दाराच्या खणातही नको कारण तिथलं तापमान सारखं बदलतं. उघडलेलं पेन २८ दिवसांनी टाकायचं, आत औषध उरलं असलं तरी. पहिले काही दिवस इंजेक्शन घेतल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून बसून घ्यायचं. औषधाच्या दुकानातून आणताना बर्फाच्या पाकिटात मागून घ्या. ठाण्याच्या मे महिन्यात ते पेन पिशवीत घालून बाजारहाट करत घरी यायचं नाही.

सासूबाई मशेरी लावतात. सिगारेट नाही ना, मग काय हरकत?

हरकत मोठी आहे. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि हिरडीवाटे निकोटिन थेट रक्तात जातं. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि नव्या हाडाला रक्त पोचत नाही. फ्यूजन न जुळण्याच्या कारणांत ते वरच्या रांगेत आहे. भरतीच्या फॉर्मवर 'धूम्रपान: नाही' असं लिहिलं जातं, ते खरंही असतं, आणि मशेरीबद्दल कुणी विचारतच नाही. मी एका घरी बघितलं: ऑपरेशन होऊन पंधरा दिवस झालेले, वॉकर हातात, आणि मोरीपाशी पत्र्याची काळी डबी. सून म्हणाली, 'त्याशिवाय त्यांना पोट साफ होत नाही.' निदान चार ते सहा आठवडे आधी आणि जोडणी होईपर्यंत बंद हवी. पोटाचा प्रश्न खरा असतो, त्याला इसबगोल आहे, डॉक्टरांकडे औषध आहे. वृद्ध बाईला डाफरून काही होत नाही. 'मणका जुळेपर्यंत तरी' म्हटलं की बऱ्याचजणी ऐकतात.

बाबा सांधेदुखीवर कुठूनतरी पुड्या आणतात, खूप बरं वाटतं त्यांना.

लगेच आणि फार बरं वाटत असेल तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. लेबल नसलेल्या पुड्यांत ते सर्रास मिसळलेलं सापडतं, आणि महिनोन्‌महिने घेतलं की हाडं पोखरली जातात. पण एकदम बंदही करायचं नाही, शरीराला सवय झालेली असते आणि रक्तदाब कोसळू शकतो. पुडी तशीच उचलून सर्जनला आणि भूलतज्ज्ञाला दाखवा. रागावतील म्हणून लपवू नका.

नाचणी, दूध, तीळ खाऊन भरून निघणार नाही का?

खा, जरूर खा, पण टी-स्कोअर उणे ३ झाल्यावर नुसत्या भाकरीने तो वर येत नाही. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १००० ते १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम असतं, कपभर दुधात २४० च्या आसपास. दोन नाचणीच्या भाकऱ्या, दूध-ताक-दही, तिळाची चटणी, शेवग्याच्या पाल्याची भाजी इतकं रोज पोटात गेलं तर गोळीची गरज कमी होते. मासे खाणाऱ्यांनी सुकट, मांदेली काट्यासकट चावून खाल्ली तर उत्तम.

कॅल्शियमपेक्षा मला घरोघरी प्रथिनांची उणीव जास्त दिसते. आजीचं रात्रीचं जेवण म्हणजे मऊ भात आणि वरणाचं पाणी. जखम भरायला, हाड यायला, मांडीचे स्नायू टिकायला वजनाच्या दर किलोमागे निदान एक ग्रॅम प्रथिनं लागतात. अंडं, मासे, घट्ट वरण, उसळ, पनीर, जे चालतं ते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.

आणि ऊन. घोडबंदरच्या टॉवरमध्ये पंचविसाव्या मजल्यावर काचेआड बसून ऊन घेतल्याने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, लागणारे किरण काचेतून येतच नाहीत. ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्यातून एकदा, सांगितले तितके आठवडेच. 'ताकद येते' म्हणून रोज घेणारे मी पाहिले आहेत. त्याने कॅल्शियम चढून मूत्रपिंडं बिघडतात.

स्क्रूला सिमेंट लावणार म्हणतात. बांधकामाचं सिमेंट?

नाही हो. तो पॉलिमर असतो, गुडघा बदलताना वापरतात त्यातलाच. पोकळ आणि भोकं असलेल्या स्क्रूमधून तो मणक्यात सोडतात, दर स्क्रूला थोडाच, आणि काही मिनिटांत तो घट्ट होतो. पकड वाढते. सिमेंट शिरेत उतरून फुप्फुसापर्यंत जाऊ शकतं. बहुतेकदा त्याचा त्रास जाणवत नाही, क्वचित गंभीर होतं. म्हणून ते एक्स-रेखाली बघत बघत भरतात. पुढे जंतुसंसर्ग झाला आणि स्क्रू काढायची वेळ आली तर सिमेंटचे स्क्रू काढणं अवघड जातं.

सिमेंटखेरीजही मार्ग आहेत: जाड आणि लांब स्क्रू, कडक कवचातून जाणारी वेगळी वाट, एका मणक्याऐवजी वर-खाली आणखी एकेक मणका धरणं. 'दोनच मणक्यांचा प्रश्न होता, चार का जोडले' असा संशय काहींना येतो. ठिसूळ हाडात भार वाटून देण्यासाठी ते केलेलं असू शकतं. पण हे आधी विचारून घ्या, नंतर भांडण्यात अर्थ नसतो.

सुईने सिमेंट भरून घरी पाठवतात ते हेच का?

ते वेगळं. पिचलेल्या मणक्यात सुईने सिमेंट भरतात, त्यात जोडणी नसते, स्क्रू नसतो. ताज्या फ्रॅक्चरचं दुखणं औषधं आणि पट्ट्याने कमी होत नसेल तर त्याचा उपयोग होतो. सरकलेल्या मणक्याला त्याचा काही फायदा नाही. आणि ऑस्टिओपोरोसिसची बरीच फ्रॅक्चर सहा ते बारा आठवड्यांत काही न भरताही जुळून येतात.

वय ७६. झेपेल का?

वयापेक्षा ऑपरेशनआधी ती जिना चढते का, स्वतःची आंघोळ स्वतः करते का, हृदय आणि फुप्फुसं कशी आहेत, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे बघतात. ७६ ची खमकी आजी ६० च्या मधुमेही, बैठ्या माणसापेक्षा लवकर उठते. हाडाच्या औषधांसाठी मिळालेले दोन-तीन महिने चालण्यात आणि मांड्यांच्या व्यायामात घालवले तर त्याचा फायदा वॉर्डातच दिसतो.

खर्च आणि योजनांचं काय?

आकडा सांगत नाही, कारण तो किती मणके, कोणतं सामान आणि कोणतं हॉस्पिटल यावर कितीतरी बदलतो. लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात स्क्रू, केज, सिमेंट यांच्या किमती वेगळ्या लिहून मागा. टेरिपॅराटाइडचा महिन्याचा खर्च वेगळा धरा. भारतीय कंपन्यांचं बरंच स्वस्त पडतं.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि आता पांढरी शिधापत्रिका असणारेही त्यात येतात. सत्तरी पूर्ण झालेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. तुमचं ऑपरेशन यादीत बसतं का आणि ते हॉस्पिटल योजनेत आहे का, हे भरती होण्याआधी हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. ऑपरेशन झाल्यावर कागद फिरवून उपयोग होत नाही. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, सायन, केईएम ही सार्वजनिक रुग्णालयं वैद्यकीय महाविद्यालयांची आहेत, तिथे दुसरं मत घ्यायला जाता येतं. रांग असते. सकाळी लवकर, सगळे जुने एक्स-रे घेऊन जा.

आम्ही सिडकोच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावर भाड्याने घर बघू का?

बहुतेकांना लागत नाही. साधारणपणे दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करतात, आणि घरी सोडण्याआधी जिना चढवून बघा असं तिथल्या फिजिओला सांगा. चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा आधी खाली, एक हात कठड्याला. जिन्यात मधे एक खुर्ची ठेवायला शेजाऱ्यांना सांगून ठेवा. मात्र दिवसातून एकदाच खाली-वर. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींचे जिने उभे आणि पायऱ्या झिजलेल्या असतात. तिथे पहिले दोन-तीन आठवडे लिफ्ट असलेल्या मुलीकडे किंवा भावाकडे राहिलेलं बरं.

घरात त्याहून धोक्याची जागा संडास-बाथरूम. भारतीय भांड्यावर बसणं काही महिने बंद, वर ठेवायची खुर्ची आणा. भिंतीत पक्का दांडा बसवून घ्या, टॉवेलचा रॉड नव्हे. पायपुसणी, सतरंज्या गुंडाळा. पावसाळ्यात लादीला ओल सुटते, तेव्हा घरातही मागे पट्टा असलेली चप्पल घालू द्या; 'घरात चप्पल नको' हा नियम वर्षभर बाजूला राहू दे. रात्रीच्या लघवीसाठी दिवा लावून ठेवा. ठिसूळ हाडाच्या पेशंटचं फ्यूजन बिघडवायला एक पडणं पुरतं.

काय करू नये?

कमरेतून वाकणं, वजन उचलणं, वळून मागची वस्तू घेणं. हे छापील कागदावर असतंच. आपल्या घरांतला त्याचा अर्थ: जमिनीवर मांडी घालून बसणं नाही, पाणी भरलेली कळशी नाही, कडेवर नातवंड नाही, केर काढणं नाही, तळातल्या खणातला डबा नाही. देवघर खाली असेल तर पूजा खुर्चीवर बसून, देव टेबलावर मांडून. यावर एका आजींनी माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. पोळ्या लाटायला हरकत नाही, ओट्याशी उभं राहून, दमलं की बसून. पट्टा सांगितला असेल तर उठल्यावर लावायचा, पण पट्ट्यावर विसंबून चालणं टाळायचं नाही. चालणं हाच पहिल्या महिन्यांतला खरा व्यायाम. दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं.

तेल लावून मालिश, पाठ मोडून घेणं, हाडवैद्याकडे 'बसवून' घेणं: बिलकूल नाही. आधीही नाही, नंतरही नाही.

रिक्षाने फॉलोअपला नेऊ का?

पहिले सहा आठवडे कार बरी, पुढची सीट थोडी मागे झुकवून. खड्ड्यांतून उसळणारी रिक्षा आणि बसची शेवटची सीट या दोन गोष्टी ठिसूळ मणक्याच्या माणसाने कायमच्या टाळाव्यात. गतिरोधकावरून बस उसळली आणि मागच्या सीटवरच्या प्रवाशाचा मणका पिचला, असं होतं. बसमध्ये पुढे बसा. लोकल तीन महिन्यांनंतर, दुपारच्या वेळी.

लगेच फोन कधी करायचा?

जखमेतून स्राव, ताप, पोटरी सुजून दुखणं, धाप, छातीत दुखणं, पायाची ताकद नव्याने कमी होणं, लघवीची तक्रार. रात्र असली तरी करायचा.

एक्स-रेवर स्क्रू ढिला दिसतोय. परत ऑपरेशन?

दिसला ढिला की काढा, असं नसतं. दुखत नसेल, नस दबत नसेल आणि मणके जुळून आले असतील तर नुसतं लक्ष ठेवतात. दुखत असेल तर जोडणी झाली का हे सीटी काढून बघतात. या टप्प्यावर हाडाची औषधं खरंच चालू आहेत का हे सर्जनने विचारण्याआधी घरच्यांनी तपासावं. ऑपरेशन झालं, बरं वाटलं, तिसऱ्या महिन्यात इंजेक्शन बंद, असं फार ठिकाणी आढळतं.

पुढे एमआरआय काढता येईल? मेट्रोच्या गेटवर वाजेल का?

हल्लीचे स्क्रू-रॉड बहुधा टायटॅनियमचे असतात, त्यांच्यासह एमआरआय काढता येतो. चित्र स्क्रूच्या आसपास थोडं पुसट येतं, इतकंच. तपासणीच्या गेटवर कधी वाजतं, कधी नाही. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि सामानावरचे स्टिकर चिकटवलेलं पान हॉस्पिटलकडून मागून घ्या. दहा वर्षांनी दुसऱ्या सर्जनला तेच पान लागतं.